गुरुजी निवडणूक घेतात, लढवू शकत नाहीत

प्रति,
महाराष्ट्र विधान परिषदेत शिक्षक मतदारसंघांतून निवडून आलेले सात सन्माननीय सदस्य,
विधान भवन, मुंबई

सन्माननीय सदस्यहो,



विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी सात जागा शिक्षकांच्या मतांवर भरल्या जातात. मुंबई, कोकण, नाशिक, पुणे, छत्रपती संभाजीनगर, अमरावती आणि नागपूर हे ते सात मतदारसंघ. वकील, डॉक्टर, शेतकरी, गिरणी कामगार यांपैकी कोणालाही आपल्या व्यवसायाच्या नावाने सभागृहात जागा मिळालेली नाही; ती फक्त शिकवणाऱ्यांना मिळाली. संविधानाच्या १७१व्या अनुच्छेदाने विधान परिषदेचा सुमारे बारावा हिस्सा त्यांच्यासाठी ठेवला. वर्गात उभे राहून मुलांना घडवणाऱ्या माणसाला राज्याचा कारभार ठरवताना काही वेगळे सांगायचे असेल, असा विश्वास या तरतुदीमागे दिसतो. तो विश्वास मला मोलाचा वाटतो, म्हणूनच हे पत्र मुख्यमंत्र्यांना किंवा शिक्षणमंत्र्यांना न लिहिता आपल्याला लिहितो आहे. माझे म्हणणे असे की, वर्गातून सभागृहाकडे जाणारी वाट आपल्या राज्यात जिथे खुली हवी तिथेच बंद आहे. ती उघडण्याची मागणी सर्वांत आधी आपण सात जणांनी करायला हवी.

आधी मतदार कोण ते पाहू. ज्या संस्थेचा दर्जा माध्यमिक शाळेपेक्षा कमी नाही, अशा संस्थेत मागच्या सहा वर्षांत एकूण किमान तीन वर्षे ज्याने शिकवले तोच या मतदारयादीत येऊ शकतो. म्हणजे हायस्कूल, कनिष्ठ महाविद्यालय आणि महाविद्यालयातले शिक्षक आत, आणि प्राथमिक शाळेतले शिक्षक बाहेर. जिल्हा परिषदेच्या काही शाळांना माध्यमिक वर्ग आहेत, तिथल्या शिक्षकांना मत आहे. पण जिल्हा परिषदेच्या सुमारे साठ हजार शाळांपैकी बहुतेक शाळा प्राथमिकच आहेत. द्विशिक्षकी शाळेत एकाच खोलीत दोन-दोन, तीन-तीन वर्ग सांभाळणारे गुरुजी, वाडीवरच्या मुलांना अक्षरओळख करून देणाऱ्या बाई, महापालिकेच्या शाळेत चार भाषा बोलणारी मुले एका बाकावर बसवून शिकवणारे शिक्षक, यांतले कोणीही कायद्याच्या भाषेत ‘शिक्षक मतदार’ नाही. महाराष्ट्रातल्या मुलाला आयुष्यात पहिल्यांदा जो माणूस शिक्षक म्हणून भेटतो, त्यालाच शिक्षकांच्या यादीत जागा नाही.

आता उमेदवार कोण होऊ शकतो ते पाहू. इथे दार उलट्या बाजूला सताड उघडे आहे. शिक्षक मतदारसंघातून उभे राहायला शिक्षक असण्याची अट नाही. वयाची तीस वर्षे पूर्ण असावीत आणि राज्यातल्या कोणत्याही विधानसभा मतदारसंघाच्या यादीत नाव असावे, एवढे पुरते. पदवीधर मतदारसंघाबद्दल हाच प्रश्न मद्रासच्या एका खटल्यातून सर्वोच्च न्यायालयात गेला होता. पदवीधरांच्या प्रतिनिधीने पदवीधर असायला हवे, असे उच्च न्यायालयाचे मत होते. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली ते फिरवले. संविधानाने मतदारांची पात्रता सांगितली आहे, उमेदवाराची तशी सांगितलेली नाही, आणि न लिहिलेली अट न्यायालयाने घालू नये, असा त्या निकालाचा आशय होता. कायद्याचा अर्थ म्हणून तो बरोबरच आहे. पण त्याचा परिणाम असा की शिक्षकांच्या जागेवर शिक्षक बसेलच याची हमी राहिली नाही. संस्थाचालक, उद्योजक, पक्षाचा पदाधिकारी, कोणीही उभा राहू शकतो. त्यात भर म्हणजे या मतदारयाद्या दर निवडणुकीला नव्याने तयार होतात आणि नमुना १९ च्या अर्जासोबत शिकवल्याचे प्रमाणपत्र संस्थाप्रमुखाकडून घ्यावे लागते. शिक्षकाला मतदार व्हायलाही संस्थेच्या सहीची गरज पडते, आणि त्याच्यासमोरचा उमेदवार मात्र संस्थेचा मालक असू शकतो. या रचनेत नोकर आणि मालक यांच्यातले अंतर निवडणुकीच्या दिवशी पुसले जाते, असे मानणे कठीण आहे.

आणि जो खरोखर वर्गात आहे, त्याला उभे राहायचे असेल तर? जिल्हा परिषदेच्या किंवा शासकीय शाळेतल्या शिक्षकाला वर्तणूक नियम लागू होतात. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधला पाचवा नियम शासकीय कर्मचाऱ्याला राजकीय पक्षाचा सदस्य होण्यास, प्रचार करण्यास आणि विधिमंडळाची वा स्थानिक संस्थेची निवडणूक लढवण्यास मनाई करतो. जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांसाठीही अशीच बंधने आहेत. उभे राहायचे तर आधी राजीनामा द्यायचा, तो मंजूर करून घ्यायचा, आणि हरल्यावर परत येण्याचा रस्ता नाही. दोन मुलांची शिक्षणे चालू असलेला, गृहकर्जाचे हप्ते भरणारा, १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागल्यामुळे जुन्या पेन्शनची खात्री नसलेला चाळिशीतला शिक्षक हा धोका पत्करेल का? न पत्करल्याबद्दल त्याला दोष देता येणार नाही.

यातली विसंगती मला सर्वांत जास्त बोचते ती निवडणुकीच्या कामात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने शिक्षकांना अशैक्षणिक कामांना जुंपण्यास मनाई केली, पण तीन अपवाद ठेवले: दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण, आणि स्थानिक संस्था, विधिमंडळ व संसद यांच्या निवडणुकांची कामे. त्यामुळे मतदारयादी घेऊन घरोघरी फिरणारे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी (बीएलओ) बहुतांश ठिकाणी गुरुजी किंवा बाईच असतात. मतदान केंद्रावर यंत्राला मोहोर लावणारे, नावे वाचणारे, बोटाला शाई लावणारे, रात्री उशिरा साहित्य जमा करून घरी जाणारे तेच. या राज्याची निवडणूक प्राथमिक शिक्षकांच्या खांद्यावर उभी आहे. लोकशाहीचा सगळा हमालीचा भाग त्यांच्याकडे, आणि तिच्यात उभे राहण्याचा हक्क मात्र नाही. निवडणूक निःपक्षपातीपणे पार पाडण्याइतका ज्याच्यावर विश्वास आहे, तो उमेदवार झाला की शाळेचे वातावरण बिघडवील असे कसे मानायचे?

शासनाखालचे लाभाचे पद असलेल्याला आमदार होता येत नाही, हा नियम याला आणखी एक गाठ मारतो. उत्तर प्रदेशातल्या मूलभूत शिक्षण परिषदेच्या शाळेतला सहायक शिक्षक हे राज्य शासनाखालचे लाभाचे पद आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आणि त्या शिक्षकाचे नामनिर्देशन रद्द झाले ते योग्य ठरले. पुढे १९९२ साली आंध्र प्रदेशातल्या एकात्मिक आदिवासी विकास संस्थेच्या एकशिक्षकी शाळेत शिकवणाऱ्या आमदाराबाबत मात्र त्याच न्यायालयाने उलट निकाल दिला: हे पद शासनाखालचे नाही, त्याची निवड वैध आहे. दोघेही प्राथमिक शाळेत शिकवणारे. एकाचा पगार कोणत्या मंडळातून येतो आणि दुसऱ्याचा कोणत्या संस्थेतून, यावर त्यांचे राजकीय भवितव्य ठरले. पण १९१व्या अनुच्छेदाने राज्य विधिमंडळाला एखादे पद लाभाच्या पदातून कायद्याने वगळण्याचा अधिकार दिला आहे, आणि कितीतरी महामंडळांची व मंडळांची पदे अशी वगळली जात आली आहेत. शिक्षकाचे पद वगळायला कोणती अडचण आहे, हे आजवर कोणी सांगितलेले नाही.

या बंद वाटेतूनही काही जण पुढे गेले, हे खरे. द्रौपदी मुर्मू ओडिशातल्या रायरंगपूरच्या शाळेत शिकवत होत्या; १९९७ मध्ये नगरसेविका आणि २००० मध्ये आमदार झाल्या. मायावती दिल्लीत शाळेत शिकवत होत्या. मुलायमसिंह यादव मैनपुरी जिल्ह्यातल्या करहलच्या महाविद्यालयात शिकवत होते. केरळच्या के. के. शैलजा कण्णूर जिल्ह्यातल्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवत, २००४ मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि पुढे आरोग्यमंत्री म्हणून निपा आणि करोना या दोन्ही साथींत त्यांचे काम देशाने पाहिले. रोग कसा पसरतो, काय करायचे आणि काय करायचे नाही, हे त्या साध्या शब्दांत, न घाबरवता, पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या. ती सवय विज्ञानाच्या तासाची आहे, असे मला वाटते. आपल्या शेजारी कर्नाटकात बसवराज होरट्टी हे हुबळीतले शारीरिक शिक्षणाचे शिक्षक १९८० पासून पश्चिम शिक्षक मतदारसंघातून आठ वेळा निवडून आले, शिक्षणमंत्री झाले, विधान परिषदेचे सभापती झाले. शिक्षक राजकारणात टिकत नाही, हा समज या एका उदाहरणानेही ढासळतो. पण हे सगळे अपवाद आहेत. ज्या वाटेने फक्त अपवाद जातात तिला वाट म्हणता येत नाही.

वर्गातला माणूस सभागृहात गेला तर काय फरक पडतो, याचे उत्तर महाराष्ट्राला शंभर वर्षांपूर्वीच मिळालेले आहे. गोपाळ कृष्ण गोखले न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आणि मग फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवत. त्यांनी गणित शिकवले आणि शाळेतल्या मुलांसाठी अंकगणिताचे पुस्तक लिहिले. १८९९ साली ते मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलवर निवडून गेले, तेव्हा ते फर्ग्युसनमध्ये शिकवतच होते. तिथून ते निवृत्त झाले १९०२ मध्ये. म्हणजे शिकवणे आणि कौन्सिल ही दोन्ही कामे त्यांनी काही काळ एकत्र केली, आणि डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे काही बिघडले नाही. १९०१ साली जमीन महसुलाच्या विधेयकावर फिरोजशहा मेहता यांच्याबरोबर त्यांनी सभात्याग केला. पुढे केंद्रीय कौन्सिलमध्ये त्यांची अर्थसंकल्पावरची भाषणे गाजली, ती भावनेपेक्षा आकड्यांवर उभी होती. फळ्यावर उदाहरण सोडवून दाखवावे तसे ते सरकारचा जमाखर्च सोडवून दाखवत. १९१० साली त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा ठराव मांडला, मार्च १९११ मध्ये विधेयक आणले. त्या विधेयकाचा सावधपणा पाहण्यासारखा आहे. सक्ती सगळ्या देशावर एकदम नाही, जी स्थानिक संस्था तयार असेल तिच्या हद्दीत. सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठी, आधी मुलग्यांसाठी. शाळा नाही तिथे सक्ती कशी करणार आणि खर्च कोण करणार, याचा विचार आधी केलेला. १९ मार्च १९१२ रोजी ते विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. मतदान हरले तरी प्राथमिक शिक्षण हा सरकारच्या तिजोरीचा प्रश्न आहे, हे त्या दिवसापासून कोणालाही नाकारता आले नाही.

इथे एक शंका रास्त आहे. गोखले स्वतः प्राथमिक शिक्षक नव्हते. हायस्कूल आणि कॉलेजात शिकवणाऱ्या माणसाने लहान मुलांची बाजू मांडली. मग आज माध्यमिक शिक्षकांनी निवडलेले आपण सात जण ते का करू शकणार नाही? करू शकता, आणि काहींनी केलेही आहे. पण गोखले माध्यमिक शिक्षकांच्या मतांवर निवडून गेले नव्हते. आपली मतदारयादी ज्या शिक्षकांची आहे, त्यांचे प्रश्न आपल्या तारांकित प्रश्नांत आणि लक्षवेधींत आधी येणार, हे स्वाभाविक आहे. ‘कायम विनाअनुदानित’ शाळांच्या नावातला ‘कायम’ शब्द २००९ मध्ये निघाला, मग २०१६ मध्ये वीस टक्के अनुदान, त्यापुढच्या टप्प्यांसाठी पुन्हा आझाद मैदान. संचमान्यता, शालार्थ, वरिष्ठ वेतनश्रेणी, जुनी पेन्शन. हे प्रश्न खरे आहेत, वर्षानुवर्षे बिनपगारी शिकवलेल्या माणसांचे आहेत, आणि त्यासाठी आपल्यातल्या अनेकांनी जिवाचे रान केले आहे. पण हे शिक्षकाच्या नोकरीचे प्रश्न आहेत. चौथीतल्या मुलाला वाचता का येत नाही हा प्रश्न शिक्षकाच्या कामाचा आहे, आणि तो सभागृहात नेणारा मतदार आपल्याकडे नाही.

महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे नेमके हेच मांडले होते. फुले मुळात शिक्षक, मग पुणे नगरपालिकेचे सदस्य. त्यांचे म्हणणे असे होते की रयतेकडून गोळा केलेला पैसा उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि ज्यांच्या घामातून तो येतो त्यांच्या मुलांच्या प्राथमिक शाळा उपेक्षित राहतात. प्राथमिक शिक्षक चांगले तयार झालेले असावेत आणि त्यांना पुरेसा पगार मिळावा, हाही त्यांचा आग्रह होता. शिक्षणाचा पाया खाली आहे हे फुल्यांनी सांगितल्यावर सदुसष्ट-अडुसष्ट वर्षांनी आपण संविधान स्वीकारले, आणि त्यात शिक्षकाच्या मताची रेषा मात्र माध्यमिक शाळेच्या उंबऱ्यावर ओढली गेली. त्या काळी खेड्यातले बरेचसे गुरुजी व्हर्नाक्युलर फायनल झालेले असत. रेषा ओढणाऱ्यांच्या मनात शिक्षणाच्या पातळीचा हा हिशेब असेल तर तो समजू शकतो. आज प्राथमिक शिक्षकाला पदविका आणि पात्रता परीक्षा बंधनकारक आहे, आणि त्यांतले कितीतरी पदवीधर, पदव्युत्तर आहेत. त्या रेषेचे कारण संपले तरी रेषा तशीच आहे.

त्या रेषेची किंमत काय, हे मागच्या काही वर्षांतल्या निर्णयांवरून पाहता येईल. २०२३ पासून पाठ्यपुस्तके चार भागांत आली आणि धड्यांनंतर नोंदींसाठी कोरी पाने घातली गेली, दप्तराचे ओझे कमी व्हावे म्हणून. मुले वह्या आणतच राहिली, आणि पुढे कोरी पाने मागे घेण्यात आली. २०२४ च्या जूनमध्ये ‘एक राज्य, एक गणवेश’ सुरू झाला. कापड एका ठिकाणाहून, शिलाई दुसऱ्या यंत्रणेकडून, मापे अंदाजाने. कित्येक शाळांत मुलांना गणवेश वेळेवर मिळाले नाहीत, मिळाले ते अंगाला बसले नाहीत, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस गणवेशाचे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आले. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून तिसरी भाषा आणणारा शासन निर्णय आला, जूनमध्ये सुधारित निर्णय आला आणि २९ जूनला दोन्ही रद्द झाले. पहिलीतल्या मुलाला ‘क’ आणि ‘फ’ वेगळे ओळखायला किती दिवस लागतात, हे ज्याने रोज पाहिले आहे त्याला तो निर्णय काढण्याआधी कोणी विचारले असते तर एवढे वादळ उठले नसते. गणवेशाची मापे गावातला शिंपी घेतो आणि शाळेच्या बाई त्याच्या पाठीमागे लागून तो पूर्ण करून घेतात, ही गोष्ट मंत्रालयात बसून कळत नाही. हे तिन्ही निर्णय हेतूने वाईट होते असे मी म्हणत नाही. ते जिथे फसले ती जागा वर्गातून स्पष्ट दिसते, आणि निर्णय होताना त्या जागी कोणी बसलेले नव्हते.

कमी पटाच्या शाळांचा प्रश्न याहून गंभीर आहे. २०१७ साली दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करण्याचा निर्णय झाला. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांना एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याची कल्पना पुढे आली. तोरणमाळ आणि पानशेतची उदाहरणे दिली गेली. अशा शाळांची संख्या चौदा हजारांहून अधिक होती. समूह शाळेत प्रयोगशाळा असेल, खेळाचे मैदान असेल, प्रत्येक इयत्तेला वेगळा शिक्षक असेल, हे आकर्षक आहे, आणि काही ठिकाणी ते योग्यही असेल. पण पावसाळ्यात ओढा भरल्यावर पलीकडची मुलगी शाळेत येईल का, गाडी बंद पडली तर किती दिवस ती घरी राहील, आणि एकदा घरी राहिलेली मुलगी परत येते का, या प्रश्नांची उत्तरे हजेरीपटात आहेत, आणि हजेरीपट गुरुजींकडे आहे. याच बाबतीत प्राथमिक शिक्षकांचा आवाज सभागृहात हवा होता. तो बाहेर, निवेदनांच्या आणि मोर्चांच्या रूपात उमटला. सभागृहात त्याच्या वाट्याला फक्त दुसऱ्याच्या तोंडची वाक्ये आली.

प्राथमिक शिक्षकांना उभे राहू दिले तर वर्ग राजकारणाचे अड्डे होतील, असा सर्वांत मोठा आक्षेप घेतला जाईल, आणि तो हलका नाही. सात वर्षांचे मूल प्रचाराचे साधन होता कामा नये, हे मला सर्वांत आधी मान्य आहे. पण राजकारण शाळेत आज नाही असे समजणे भोळेपणाचे होईल. बदलीसाठी पुढाऱ्यांच्या दारात उभे राहणे हे जिल्हा परिषद शिक्षकाच्या आयुष्यातले नेहमीचे दुःख होते. २०१७ च्या फेब्रुवारीतल्या शासन निर्णयाने बदल्या ऑनलाइन झाल्या आणि ते बरेच कमी झाले. त्यातून शिकायचे ते हे की नियम उघड आणि नीट असले की दबाव घटतो. शिक्षकाला उघडपणे उमेदवार होऊ द्यायचे आणि त्याच्यासाठी अटी स्पष्ट लिहायच्या: उमेदवारीचा अर्ज भरल्यापासून बिनपगारी रजा, निवडून आल्यास मुदतभर रजा, आपल्या तालुक्यातल्या शाळांत प्रचारास बंदी, परतताना दुसऱ्या तालुक्यात नेमणूक. ज्याची निष्ठा लपून राहते त्याच्यापेक्षा ज्याची उमेदवारी जाहीर आहे त्याच्यापासून मुले अधिक सुरक्षित असतात. महाविद्यालयीन प्राध्यापकांना आपल्याकडे ही मोकळीक कितीतरी आधीपासून आहे. अमरावतीचे प्रा. बी. टी. देशमुख पदवीधर मतदारसंघातून तीस वर्षे परिषदेत होते, आणि विदर्भाच्या अनुशेषाचा हिशेब त्यांच्याइतक्या चिकाटीने फार थोड्यांनी मांडला. प्रा. एन. डी. पाटील शिकवता शिकवता चळवळीत आणि सभागृहात गेले. कॉलेजातल्या माणसाने राजकारण केले तर तो विचारवंत, आणि जिल्हा परिषद शाळेतल्याने केले तर शिस्तभंग, हा भेद मुलांच्या हिताचा नाही, तो प्रतिष्ठेचा आहे.

मग वर्गात शिकवणार कोण, असेही विचारले जाईल. सात जागा आहेत आणि सहा वर्षांची मुदत आहे. उमेदवारही मोजकेच असणार. त्यांच्या जागी तात्पुरती नेमणूक करता येते. दर निवडणुकीला आणि जनगणनेला हजारो शिक्षक वर्गाबाहेर नेताना राज्याला जी अडचण वाटत नाही, ती चार-दहा रजांसाठी वाटण्याचे कारण नाही.

पदवीधर असलेल्या प्राथमिक शिक्षकाला पदवीधर मतदारसंघात मत आहेच, असेही कोणी म्हणेल. आहे; पण ते पदवी असल्यामुळे आहे, शिकवत असल्यामुळे नाही. त्याच न्यायाने माध्यमिक शिक्षकही पदवीधर आहेत, मग त्यांना दुसरे मत कशासाठी? आणि प्राथमिक शिक्षक यादीत आले तर संख्येच्या जोरावर सातही जागा त्यांच्याच होतील, अशी भीती आपल्या मतदारांना वाटेल. वाटणारच, आणि ती बोलून दाखवलेली बरी. पण मुले जिथे जास्त आहेत तिथले शिक्षक जास्त असणार, आणि मतदारयादीत ते दिसणार. ही यादीची चूक नाही. हवे तर पसंतीक्रमाच्या मतमोजणीने माध्यमिक आणि प्राथमिक दोघांनाही स्थान मिळेल अशी रचना करता येईल. मात्र कमी मतदार असणे सोयीचे आहे म्हणून ज्यांना वगळले त्यांना वगळलेलेच ठेवायचे, हे शिक्षकांच्या प्रतिनिधींनी म्हणू नये.

आणि शेवटचा आक्षेप असा की विधान परिषदच कशाला हवी, व्यवसायावर आधारित जागा हे जुने खूळ आहे. देशातल्या सहाच राज्यांत अशी परिषद आहे. ती नको म्हणणाऱ्यांचे युक्तिवाद मी मनापासून ऐकतो. पण जोवर ती आहे आणि तिच्यात सात जागा शिक्षकांच्या नावाने आहेत, तोवर त्या नावाला अर्थ असायला हवा. शिक्षकांच्या पगाराची बाजू मांडायला सक्षम संघटना आहेत, त्या ती रस्त्यावर आणि न्यायालयात मांडतात. मार्च २०२३ च्या संपात त्यांनी ती मांडून दाखवली. सभागृहातली जागा त्या कामापुरतीच असेल तर तिच्यासाठी संविधानातला एक खंड खर्च करण्याची गरज नव्हती.

या सगळ्यासाठी संविधान दुरुस्त करावे लागेल, असे समजून विषय सोडून देऊ नका. १७१व्या अनुच्छेदाचा दुसरा खंड वाचावा. परिषदेची रचना संसदेने कायद्याने वेगळी ठरवेपर्यंत तिसऱ्या खंडाप्रमाणे राहील, असे तिथे म्हटले आहे. म्हणजे साध्या कायद्याने प्राथमिक शिक्षकांना या यादीत आणता येईल. दोनतृतीयांश बहुमताची अट आड येत नाही. त्यासाठी केंद्राला शिफारस करणारा अशासकीय ठराव आपण सात जणांनी, पक्ष बाजूला ठेवून, एकत्र सहीने द्यावा. दुसरे काम तर मुंबईतच होण्यासारखे आहे. शिक्षकांना बिनपगारी रजेवर निवडणूक लढवता यावी यासाठी वर्तणूक नियमांत दुरुस्ती करणे आणि शिक्षकाचे पद लाभाच्या पदातून वगळणे, हे दोन्ही राज्याच्या हातात आहे. त्यासाठीचे अशासकीय विधेयक आपल्यापैकी कोणीही मांडू शकता.

२०२० साली निवडून आलेल्या पुणे आणि अमरावतीच्या सदस्यांची सहा वर्षे २०२६ च्या अखेरीस पूर्ण होतात. त्या निवडणुकीच्या मतदारयाद्या नव्याने लिहिल्या जातील, नमुना १९ चे अर्ज वाटले जातील, आणि मतदान केंद्रावर टेबल मांडून बसणाऱ्या कर्मचाऱ्यांत पुन्हा प्राथमिक शाळेतल्या बाई आणि गुरुजी असतील. त्यांना समोरच्या यादीत आपले नाव दिसणार नाही. त्याआधी होणाऱ्या अधिवेशनात अशासकीय कामकाजाच्या दिवशी आपल्या सात सह्यांचा तो ठराव कार्यक्रमपत्रिकेवर यावा, एवढी या पत्राची मागणी आहे.

आपला,
महाराष्ट्राचा एक मतदार